विझलेली वात

बेलफोर, मिसिसिपी
जुलै १८७६

प्रिय ओबेड,

बोटीवरच्या आचाऱ्यानं तुझा निरोप पोचवला. मका निघाला की कॅन्ससहून निघतो म्हणतोस, आणि पिस्तूल घेतलंय हेही सांगून मोकळा झालास. बापाचा उतावळेपणा तेवढा उचललास लेका, त्याचं डोकं मात्र नाही घेतलंस. रागावू नकोस. बापाचा जीव घेणाऱ्या त्या हॉलिस प्रुइटला मारल्याशिवाय तुला झोप लागायची नाही, हे कळतं मला. मलाही वर्षभर लागलेली नाही. पण आधी हे सगळं वाच.

यंदाचा चार जुलै शंभरावा. देश स्वतंत्र झाला तो हाच दिवस, आणि यादवीत दक्षिणेचं व्हिक्सबर्ग पडून आपल्या पायांतल्या गुलामीच्या बेड्या गळाल्या तोही हाच. म्हणून या तारखेला गोरे लोक खिडक्या लावून सुतक पाळतात आणि आपण डुक्कर भाजतो. गावची तोफ ते आपल्याला थोडीच देणार! तुझा बाप लोहार, त्यानं ऐरणीचीच तोफ केली. एका ऐरणीच्या खळग्यात बंदुकीची दारू ठासायची, दुसरी ऐरण तिच्यावर उलटी ठेवायची आणि वात पेटवून पळत सुटायचं. वरची ऐरण झाडाच्या शेंड्यापर्यंत उडायची, आवाज नदीपार जायचा. लहानपणी तू माझ्या झग्यात तोंड लपवायचास आणि नंतर 'पुन्हा, पुन्हा' म्हणून नाचायचास.

गेल्या चार जुलैला प्रुइट गोऱ्यांची टोळी घेऊन तोफ बंद पाडायला आला, तेव्हा तू नदीत उडी मारलीस ते बरंच केलंस. पुढचं तू पाहिलं नाहीस, आणि मीही कधी सांगितलं नाही. तू गेलास तेव्हा गोळी बापाच्या मांडीत लागली होती. तेवढ्यानं तो मेला नसता. प्रुइटनं त्याला ओढत ऐरणीपाशी नेलं, त्याचाच घण उचलला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत ठेचला. म्हणाला, 'वाजव आता तोफ.' मग बंदूक त्याच्या तोंडात घालून चाप ओढला. त्याचे दात मी मातीतून वेचले आणि त्याच्याबरोबर पुरले. पुढे वर्षभर प्रुइट रस्त्यात भेटला की टोपी काढून विचारायचा, 'काय दोर्कास, लोहार बरा आहे ना?'

यंदा सगळे म्हणाले, तोफ राहू दे. पास्टरची बायको केझाया तर रडायलाच लागली. 'अगं बाई, अजून किती जणींना विधवा करायचंय तुला?' मी म्हटलं, 'मला पुन्हा विधवा करायला ते नवरा कुठून आणतील?' रडता रडता हसली आणि वरची ऐरण उचलायला तिनंच पहिला हात दिला. चौघींनी मिळून ती ठेवली. वात मी पेटवली आणि आम्ही चर्चच्या भिंतीआड जाऊन कोपऱ्यावरून बघत राहिलो.

आवाज झालाच नाही. तुझ्या बापाचा नियम तुला माहीतच आहे. नदीकाठच्या दमट हवेत वात विझल्यासारखी दिसते, पण आत धुमसत असते. अशा वेळी सगळ्यांनी प्रार्थनागीत पुरतं दोनदा म्हणायचं, त्याआधी कुणी पाऊल उचलायचं नाही. आम्ही गायला लागलो. तेवढ्यात प्रुइट आला, बरोबर दोन घोडेस्वार. तिघंही सकाळपासून प्यालेले. ऐरणीकडे बघून तो खदखदून हसला. 'विझली? तुझी तोफ तुझ्या नवऱ्यासारखीच निघाली की गं!' घोड्यावरून उतरला, वरच्या ऐरणीला लाथ घातली. ती हलली नाही, म्हणून दोन्ही हातांनी धरून ओणवा झाला.

केझायानं ओरडायला तोंड उघडलं. मी तिचं मनगट आवळलं. मी गातच राहिले, आधीपेक्षा मोठ्यानं. मग धरणी हादरली. ऐरण त्याच्या हनुवटीखालून वर गेली. खाली आली तेव्हा प्रुइट उताणा पडला होता आणि मानेवर डोकं असं काही राहिलं नव्हतं. भिंतीवर रक्त, माझ्या बाहीवर रक्त. मला वाईट वाटलं नाही, ओबेड. वाटेल म्हणून थांबले होते, अजून वाटलेलं नाही. रात्री पास्टरनं हळूच विचारलं, 'दोर्कास, हाक मारता आली नसती का?' मी म्हटलं, 'मी गात होते.'

प्रुइटच्या सोबत्यांनी सारं डोळ्यांनी पाहिलं. तो आपल्याच पायांनी गेला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणून गावानं अपघात ठरवला. चर्चमध्ये गाणाऱ्या म्हातारीच्या हातून प्रुइट मेला, हे सांगायची लाजही वाटते त्यांना. पण त्यांचे हात शिवशिवतायत. दोघं रोज कुंपणाशी येऊन विचारतात, 'तुझा पोरगा कुठाय गं? बापाला पुरायलासुद्धा आला नाही?' त्यांना फासावर लटकवायला एक पुरुष हवाय. तू धक्क्यावर उतरलास, की त्याच क्षणी हा अपघात खून ठरेल आणि खुनी तू. तुझ्या वाट्याचं काम आता उरलेलं नाही, बाळा. ते पिस्तूल विक, एखादी गाय घे, तुझ्या त्या नॉर्वेवाल्या शेजाऱ्याच्या विहिरीजवळची जमीन बघून ठेव. माझी आठवण आली तर रड, पण तिथेच रड. तू माझ्या डोळ्यांसमोर नाहीस, म्हणूनच तू जिवंत आहेस. येऊ नकोस.

तुला पुन्हा न बघताही तुझीच राहणारी,
आई