कोऱ्या फ्लास्कमधलं घड्याळ

३ तारीख, मंगळवार

कोरा फ्लास्क पुन्हा बिघडला! दोन्ही फ्लास्कांत तेच मलेरियाचे परजीवी, त्याच तांबड्या पेशी. एकात मेलाटोनिन घालते — अंधार पडला की माणसाच्या अंगात वाढतं ते हार्मोन. दुसऱ्यात काहीच नाही, तो कोरा. हार्मोनचा इशारा पोचला की परजीवीच्या आत कॅल्शियम उसळतं, मागे रेंगाळलेले भराभर वाढतात आणि सगळे एकदम पेशी फोडून बाहेर पडतात. कोऱ्यात असं व्हायला नको, तिथे लहानथोरांची सरमिसळ हवी. आज काचपट्टी पाहिली तर तिथेही सगळे एका वयाचे.

आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "फ्लास्कांची अदलाबदल केली असशील. हल्ली लक्ष कुठे असतं तुझं?" कुठे असतं ते त्यांनाही ठाऊक आहे.

४ तारीख, बुधवार

सकाळचे सात. नवरा ढाराढूर. आमच्या ठकीला जाऊन आठ महिने झाले आणि या माणसाला गजरसुद्धा ऐकू येत नाही!

६ तारीख, शुक्रवार

सगळं नव्यानं मांडलं. नवे फ्लास्क, नावं मोठ्या अक्षरांत, बाई शेजारी उभ्या. फरक शून्य. प्रयोगशाळेतले मामा डोकावून म्हणाले, "ताई, तुमच्या जंतूंना बरी शिस्त लागली! आमच्या पोरांना कधी लागायची कोण जाणे." आणि जीभ चावली. माझ्यासमोर पोरांचा विषय कोणी काढत नाही. काढला तरी चालेल, हे त्यांना कसं सांगू?

८ तारीख, रविवार

आज लिहूनच टाकते.

ठकी सहा वर्षांची होती. ताप कधी सकाळी चढायचा, कधी दुपारी, मध्येच उतरायचा. माझे फ्लास्कमधले परजीवी दर अठ्ठेचाळीस तासांनी फुटतात, ठरल्या वेळी. वर्षानुवर्षं तेच पाहिलेलं! मी म्हणाले, "मलेरिया असा नसतो. साधा ताप आहे, उतरेल." परक्या कोणी विचारलं असतं तर मीच बजावलं असतं — सुरुवातीला ताप असाच वेडावाकडा असतो, आधी रक्त तपासा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पाचव्या दिवशी ती मला ओळखेना. सहाव्या दिवशी गेली.

नवऱ्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. निदान ओरडायचं तरी! जेवतो, कामावर जातो, झोपतो. हा माणूस आहे की दगड? मला कधी कधी त्याचा राग राग येतो.

१० तारीख, मंगळवार

बदललं काय? आज जेवताना सुचलं, घास तसाच टाकून धावले. सीरम! रक्त गोठलं की वर जे पिवळं पाणी सुटतं ते. परजीवी त्याच्यावरच पोसतात. एरवी मामांचं रक्त वापरतो. गेल्या महिन्यात ते आजारी होते म्हणून मी नवऱ्याला बोलावलं, सकाळी नऊला त्याचं रक्त काढलं. तेव्हापासून दोन्ही फ्लास्कांत त्याचंच सीरम. रक्त देताना भरून घेतलेला फॉर्म काढून पाहिला. चालू औषधं — नाही. खाली त्याची सही.

तरीही उरलेलं सीरम मेलाटोनिनसाठी तपासायला दिलं.

१२ तारीख, गुरुवार

आकडा आला. सकाळी नऊच्या रक्तात एवढं सहसा नसतंच! बाईंनी कागद दोनदा वाचला. "पहाटे मेलाटोनिनची गोळी घेतली असणार. झोपेसाठी घेतात ना, ती. विचार त्याला." मग हळूच म्हणाल्या, "सावकाश विचार हं."

मी सीरमची बाटली परत फ्रीजमध्ये ठेवली.

१३ तारीख, शुक्रवार

विचारलं. तो भाजी चिरत होता. सुरी खाली ठेवली.

"पहाटेपर्यंत नुसता पडून असतो गं. मग घेतो एक. नाहीतर कामावर उभं राहवत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कूस बदललीस की मी डोळे मिटायचो. जागा दिसलो असतो तर तुला वाटलं असतं, मनातल्या मनात तुलाच दोष देतोय."

आणि मी त्याला दगड म्हणत होते! ज्या परजीवीनं माझी मुलगी नेली त्यानंच आज त्याची चहाडी केली. मी त्याला धरून रडले, अगदी मोठ्यानं. म्हटलं, चूक माझीच होती, तू का जळतोस? त्यानं उठून भाजी फोडणीला टाकली.

१५ तारीख, रविवार

आज त्यानं कपाटातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरची. 'मलेरियासाठी रक्त आजच तपासावे.' तारीख ठकीच्या तापाच्या दुसऱ्या दिवसाची. मी कामावर होते तेव्हा तो तिला दाखवून आला होता. रक्त मात्र त्यानं तपासून घेतलं नाही. डॉक्टरला म्हणाला होता — कौतुकानं म्हणालो गं, असं तो रडत सांगत होता — "गरज नाही डॉक्टर, हिची आई यातलीच आहे."