दादाच्या गाडीच्या स्प्रिंगा

वहिनी,

बोटीवर चाललोय, चार दिवसांनी येईन. दादा झोपलाय, म्हणून उठवलं नाही.

गाडीच्या पुढच्या शॉकअपच्या स्प्रिंगा काल म्हसळ्याला बदलून आणल्या. आधीच्या कडक स्प्रिंगा दादानेच हौसेने घातलेल्या, तेव्हा तो अठ्ठ्याऐंशी किलोचा होता. आता त्या त्याच्या वजनाने दबतच नाहीत, खड्ड्यात सगळा दणका हातांना बसतो. "गाडी कडक झाली हाय," म्हणतो. गाडी तीच आहे.

म्हसळ्याला निघण्याआधी त्याला मासळी तोलायच्या काट्यावर उभा केला होता. एकोणपन्नास भरला. त्याला मी बासष्ट सांगितलं, तूही तेवढंच सांग. जुन्या स्प्रिंगा पोत्यात बांधून माळ्यावर ठेवल्यात. अंगाने भरलास की परत घालू, असं बोललोय त्याला. त्या भंगारात देऊ नकोस, तो विचारेल.

तुला स्कूटर येते, तशी हीपण येईल. दुपारी तो झोपला की जेट्टीपर्यंत नेऊन बघ.

मेकॅनिक म्हणाला, यापुढे गाडी जो चालवणार त्याचं वजन सांगा. रागावू नकोस वहिनी, मी तुझं सांगितलं.

विनेश