सासूबाईंची गुडाखूची डबी

रायपूर, मंगळवार, संध्याकाळ

उद्या सासूबाईंच्या जबड्यात नव्या दातासाठी इम्प्लांटचा स्क्रू बसणार, अन् मले काही सुचून नाही राहिलं. समता कॉलोनीतल्या डॉक्टरनं साफ विचारलं होतं, "माताजी, तंबाकू तो नहीं लेतीं? घाव नहीं भरेगा, हड्डी स्क्रू को पकड़ेगी नहीं."

सासूबाई ताठ बसून म्हणाल्या, "छी! आमच्या घरी कोणी हात नाही लावत."

खोटं नाही बोलल्या त्या. बोटावर गुडाखू घेऊन सकाळ-संध्याकाळ हिरड्या घासतात, पण त्यांच्या लेखी ते मंजन. त्या डबीत गुळासोबत तंबाखूच आहे, हे त्यांना सांगणार कोण? मी बाजूलेच होती. काहून गप्प बसली? डॉक्टरसमोर सासूले खोटं पाडायचं कसं?

नवऱ्याले सांगितलं, तर म्हणे, "राहू दे, आईले वाईट वाटेल." अन् स्क्रू निखळला तर? तेव्हा नाही वाटणार?

डबी लपवू की डॉक्टरले फोन लावू, असं करतच होती, तर बाथरूममध्ये डबी वाजली. जाऊन पाहिलं. सासूबाई रोजच्याहून जास्त घासून राहिल्या होत्या. मले पाहून म्हणाल्या,

"उद्या डॉक्टर तोंड पाहीन ना. साफ पाहिजे."