शिंपीबाबांची खोली

४ जानेवारी

ती. काकांना भिंगरीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागवा हवं तेवढं, पण उत्तर लगेच पाठवा. आमची लाकडी घरं उभी राहिली हो! रस्त्यावर दिवस काढलेल्या बारा जणांसाठी बारा खोल्या, सगळ्या मी आखलेल्या. आत शिरलं की रंधलेल्या लाकडाच्या ताज्या छिलक्यांचा वास येतो आणि तुमचा सुतारकामाचा कारखाना आठवतो. मी छिलक्यांच्या बांगड्या घालून मिरवायची आणि बाबा ओरडायचे.

पण एक गोष्ट जिवाला लागलीय. सात नंबरची खोली शिंपीबाबांना दिली. नऊ वर्षं पुलाखाली काढलेला माणूस. भिंतींवरून हात फिरवून कौतुक करतात आणि झोपायला मात्र बाहेर पडवीत! विचारलं की नुसते हसतात. महिनाअखेरपर्यंत आत राहिले नाहीत तर घरं वाटणारी समिती खोली दुसऱ्याला देणार. मग परत पूलच. नकाशा पाठवतेय. माझं कुठं चुकलं ते कान धरून सांगा.

तब्येत सांभाळा, माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची भिंगरी

११ जानेवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

सांधे झकास, खिडकी ऐसपैस, शाब्बास! पण शहाणे, दाराला आतून कडी कुठाय? किल्ली रखवालदाराकडे. कुणी आत आजारी पडलं तर उघडता यावं म्हणून, असं नकाशावरच्या टिपणात लिहिलंयस. ते खरं, पण मग ती खोली त्या माणसाची कशी?

तुझ्या बाबांनी तुला सांगितलं नसेल. घर गेल्यावर आम्ही दोघं भाऊ आठ महिने वखारीबाहेर उघड्यावर राहिलो. कुणीही यावं, लाथ मारून उठवावं. दादा माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून पडायचा. पुढे खोली मिळाली, तेव्हा घरात पातेलं नव्हतं, पण त्यानं आधी अडसर केला. दार लावलं, अडसर सरकवला आणि पोट धरून हसत सुटला. मग रडला. फार आठवण येते गं त्याची.

दार बाहेर उघडणारं कर, म्हणजे बिजागऱ्या बाहेरून येतील. अडीअडचणीला त्यांची खिळी काढून दार उतरवता येतं. आतून मात्र जाडजूड अडसर हवा. समितीनं कुरकुर केली तर हा म्हातारा भांडायला येईल म्हणावं.

लिहीत जा. घरात तेवढीच जाग वाटते.

तुझा काका

२९ जानेवारी

ती. काकांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून ढसाढसा रडले. बाबा रोज दोनदा अडसर चाचपायचे आणि मी त्यांची नक्कल करायची. काय मूर्ख होते मी!

समितीपुढे चार मिनिटांत दार उतरवून दाखवलं, तेव्हा कुठे सगळे तयार झाले. मंगळवारी अडसर बसला. शिंपीबाबांनी तो सहा वेळा सरकवून पाहिला.

काल सकाळी पडवीत त्यांचं अंथरूण दिसेना. मी धावत गेले. नेहमीच्या सवयीनं थेट दार ओढलं, तर हलेना. आतून त्यांनी विचारलं, कोण आहे. मी म्हटलं, आर्किटेक्टताई. ते म्हणाले, जरा थांबा. काका, आम्ही सगळे रोज खुशाल न विचारता आत शिरत होतो हो! मी पायरीवर चांगली पाच मिनिटं उभी राहिले. मग त्यांनी दार उघडलं आणि या म्हणाले.

तुमच्या मायेची,

भिंगरी