शाळा सोडण्याचे कारण

आई, तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझ्याशी भांडायचं म्हटलं तरी आवाज चढत नाही. पण एक विचारायचं राहून गेलं होतं. तू मला शाळेतून का काढलंस? कारण तू तेव्हाच सांगितलं होतंस, मला ते पाठ आहे, आणि माझा त्यावर पहिल्या दिवसापासून विश्वास बसला नव्हता. मी संशयी आहे असं आता सगळेच म्हणतात. दूधवाल्याने माझ्यासमोर माप भरून घातलं तरी मी पातेलं तिरपं करून बघते. अमळनेरला कॉलेजात सायन्स शिकवण्यात आयुष्य गेलं, तिथे ही खोड गुण म्हणून खपून गेली. पण तिची सुरुवात तुझ्या स्वयंपाकघरात झाली, तेव्हा ऐकायचंही तूच.

पिंपळनेरला मिशनच्या दवाखान्यात बाबा कंपाउंडर होते आणि दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत आपण राहत होतो. सहासष्ट-सदुसष्ट साल असावं, मी चौथीत होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन झालं. सगळ्यांनी एकाचे आकडे जोडून पाटीवर सरस्वती काढली, तशी मीही काढली. माझी इतकी सुबक आली की गुरुजींनी ती वर्गभर फिरवली. हळदकुंकू लागलेली पाटी छातीशी धरून मी घरी आले. तू चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होतीस. मी पाटी दाखवली आणि त्याच दमात शाळेतल्या आणखी दोन-चार बढाया मारल्या. त्यातली एक पाण्याची होती. बाकीच्या पोरी हंड्यातलं पाणी आपापलं घेतात, मला मात्र हात लावावा लागत नाही. मी नुसती ओंजळ धरते आणि वर्गातली एक मुलगी वरून तांब्याने पाणी घालते. कंपाउंडरच्या मुलीचा हा मान आहे, असं मी तुला समजावूनही सांगितलं. तव्यावरची भाकर तू उलटलीच नाहीस, ती करपली. मग पाटीकडे बोट दाखवून म्हणालीस, "आपला देव एकच आहे. अशी पूजा आपल्यात चालत नाही. आता शाळा बंद. मी शिकवीन तुला."

मला हे कसं पटावं? दवाखान्याच्या आवारातच राहणाऱ्या ड्रायव्हरची दोन मुलं त्याच शाळेत होती, त्यांच्याही पाट्यांवर सरस्वती होती. त्यांची आईही ख्रिस्तीच, तुझ्यापेक्षा कितीतरी भाविक, ती पाट्या बघून नुसती हसली आणि पुसायला ओलं फडकं दिलं. त्यांची शाळा चालू राहिली, आणि मधल्या सुट्टीत पाणी प्यायला घरी पळत येणंही. मग देव काय फक्त माझ्याच पाटीवर लक्ष ठेवून होता? लग्नाआधी तू धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवायचीस, लग्न झालं आणि ते सुटलं. मी मनाशी ठरवून टाकलं की हिला शिकवायला कुणीतरी हवं होतं, आणि मी आयती सापडले. पुढे वाटायला लागलं की मी अभ्यासात मठ्ठ असणार आणि तुला ते लोकांना कळू द्यायचं नसणार. दर महिन्याला एक नवीन शंका तयार असे. फक्त तू सांगितलेलं कारण तेवढं मला कधी पटलं नाही.

तुझी शाळा सकाळी चुलीशी भरायची. आधी प्रार्थना, मग बायबलातलं एक वचन तोंडपाठ, मग पाढे, मग पुन्हा प्रार्थना. तू पीठ मळते आहेस, मी पाटावर डोळे मिटून बसले आहे आणि एकोणिसाचा पाढा म्हणते आहे. कुठे अडखळले तर तू पिठाच्या हाताने माझ्या गुडघ्यावर टिचकी मारतेस. एकदा भूगोलाच्या पुस्तकात आलं की पृथ्वी म्हणजे सूर्यापासून सुटलेला तापलेला गोळा. मी लगेच पकडलं. "आई, सूर्य तर देवाने चौथ्या दिवशी केला. पृथ्वी त्याच्या आधीच होती."

"पेपरात पुस्तकातलं लिहायचं."

"आणि खरं कुठलं?"

"आधी मेथी निवड."

तू दोन्ही गोष्टी एकाच आवाजात शिकवायचीस आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायचे, की कुठल्या वाक्याला ही अडखळते. तू कशालाच अडखळली नाहीस. हे कुणीतरी चर्चच्या मंडळीत नेऊन पोचवलं असणार. एका रविवारी उपासनेनंतर मंडळीतले वडीलधारे आबा आपल्या ओट्यावर येऊन बसले. "बाई, पोरीला घरी ठेवलं ते प्रभूसाठी, असं तुम्हीच सांगितलं ना? मग घरात हे सूर्याचे गोळे कशाला?" तू चहा पुढे केलास. म्हणालीस, "आबा, तिला परीक्षा द्यायची आहे. देव मी शिकवते, गणित-भूगोलही मीच शिकवते. मोठी झाली की तिचं ती ठरवील." आबांनी चहा घेतला, पण पुढे कित्येक महिने ते तुझ्याकडे चष्म्यावरून बघायचे. शाळेचे गुरुजी रस्त्यात भेटले की म्हणायचे, पोरीचं नुकसान करताय. शाळेला वाटे तू मला जोगीण करते आहेस आणि मंडळीला वाटे नास्तिक. तू दोघांनाही नमस्कार करून पुढे जायचीस.

सातवीसाठी तू मला धुळ्याला नेलंस. मावशी तिथे देवपुरात राहत होती, तिच्याकडे राहून शिकायचं होतं, आणि शाळेत घ्यायचं की नाही ते मुख्याध्यापिकाबाई तोंडी परीक्षा घेऊन ठरवणार होत्या. त्यांनी विचारलं, पाढे येतात का? मी डोळे मिटले, हात जोडले, एकोणिसाचा पाढा न चुकता म्हटला आणि शेवटी मोठ्याने "आमेन" म्हणाले. बाई तोंडाला पदर लावून हसल्या. दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा हसला. त्या क्षणी मला तुझा इतका राग आला की सांगता सोय नाही. हसली नाहीस ती फक्त तू.

बाईंच्या खुर्चीच्या वर सरस्वतीची भलीमोठी तसबीर होती, ताज्या हारासकट. आता ही माझा हात धरून बाहेर पडणार, असं मी धरूनच चालले होते. तू तसबिरीकडे बघितलंसुद्धा नाहीस. एवढंच विचारलंस, "मुली पाणी कुठं पितात?"

बाई गोंधळल्या. "अंगणात नळ आहे. तहान लागेल ती जाऊन पिते."

"सगळ्या?"

"सगळ्याच की."

"मग हिला घ्या," तू म्हणालीस.

तेव्हापासून तुझा देव माझ्या मनातून उतरला. जो पिंपळनेरच्या पाटीवर चालत नाही तो देवपुरातल्या तसबिरीखाली कसा चालतो? याचा अर्थ मला कोंडून ठेवायला तू त्याचं नाव वापरलंस, एवढं मला कळलं. कशासाठी वापरलंस ते मात्र कळलं नाही. मोठी झाल्यावर मी उपासनेला जाणं सोडलं. तू कधी विचारलं नाहीस, आणि तुझ्या त्या गप्प बसण्याचाही मला संशय आला.

मागच्या उन्हाळ्यात तुझ्या कबरीची डागडुजी करायला पिंपळनेरला गेले होते. शेजारच्या मळ्यातून माझ्याच वयाची एक बाई कुंपणाशी आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"तू कंपाउंडरनी पोर ना? माले वळखं नही? तुले पानी वाढनारी पोर मीच."

मी हसून म्हटलं, तेव्हा माझा फार थाट होता. ती हसली नाही.

"थाट कसाना, बहीन? गुरुजीनी सांगेल व्हतं, तुना हात हंडाले लागाले नको." मग खाली बघत म्हणाली, "दसरा झाया आन् तुनी माय शाळामा वनी. गुरुजीसंगे काय बोलनी, माले माहीत नही. मंग माले बाजूले लई गई. म्हने, पोरी, तुझी काही चूक नाही. पण माझ्या मुलीला हे कधी सांगू नको. मी आजलोंग कोनले सांगं नही."

ड्रायव्हरची मुलं मधल्या सुट्टीत पाणी प्यायला घरी का पळत यायची, तेही तेव्हा उमगलं. त्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या मलाच, आणि मी ते तुला मान म्हणून सांगितलं होतं. आई, त्या चुलीपुढे तुझं काय झालं असेल गं.

मग तू देवाच्या नावावर खोटं बोललीस. खोटं बोलू नये हेही तूच शिकवलं होतंस, आणि त्या वचनाला तुझी जीभ कशी वळली असेल याचा मी आता विचार करते. मुलीने आपल्यावर रुसावं, देवावर रुसावं, पण स्वतःच्या हाताकडे तिने कधी विटाळाचा म्हणून बघू नये, एवढंच तुला हवं होतं. ते तुला जमलं. मी चारचौघांत ताठ वाढले, कुठल्याही घरात शिरले, कुणाच्याही माठातून पाणी घेऊन प्यायले, आणि राग धरला तो फक्त तुझ्यावर आणि तुझ्या देवावर.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, तेव्हा एक कबूल करायला हरकत नाही. ती बाई भेटल्यापासून कुणाच्या घरी गेले की मी पाणी मागत नाही. आपणहून कुणी ग्लास पुढे केला तर आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. सत्तरीला आले, पण हे आता सुटेल असं वाटत नाही. तू सांगितलेलं तेच कारण माझ्यासाठी बरं होतं.