टीव्ही, प्रोजेक्टर आणि राणा

साखरा, रविवार, ११ फेब्रुवारी २००७

१. दुपारी वसमतहून व्यंकटरावांच्या दुकानाची जीप आली. एकोणतीस इंची फ्लॅट टीव्ही उतरवला.
२. तो ओसरीवर, जमिनीवरच, अंगणाकडे तोंड करून ठेवला.
३. लाइट नव्हती. पडदा काळा होता.
४. माझा धाकटा भाऊ भारत याचा एडका राणा अंगणात होता. त्याला काचेत समोर एक एडका दिसला.
५. राणा चार पावलं मागे सरकला.
६. पिक्चर ट्यूब फुटली. ट्यूबमध्ये हवा नसते. त्यामुळे काच आधी आत जाते आणि मग सगळीकडे.
७. आई हातातल्या भाकरीसकट शेजारच्या वाड्यात सापडली.
८. भारतने राणाचं कपाळ तपासलं. टीव्ही कोणी तपासला नाही.
९. रिमोट चालू स्थितीत आहे.

कारण : पडद्यावरचं प्रतिबिंब. उपाय : पुढचा सेट उंचावर ठेवणे.

यात कोणाचाही दोष नाही. मी भारतला एवढंच सांगितलं. सांगताना हातात केरसुणी होती, ती त्याला लागली.

सोमवार, १२ फेब्रुवारी

व्यंकटरावांना फोन केला. घडलेलं क्रमाने सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "एडक्याला लागलं तर नाही ना?" दुसरा प्रश्न, "शिंगं शाबूत आहेत?" टीव्हीबद्दल चकार शब्द नाही. उलट दुसरा पीस पाठवतो म्हणाले. सभ्य माणूस. मालापेक्षा मुक्या प्राण्याची काळजी. अशा मालकाच्या हाताखाली काम करायला आवडेल.

नोंद असावी म्हणून लिहिते. वर्ल्डकपच्या आधी व्यंकटराव दुकानात होम थिएटरचं सेक्शन काढणार आहेत. मी जानेवारीत अर्ज केला : डिप्लोमा, इलेक्ट्रॉनिक्स, फर्स्ट क्लास. महिनाभर उत्तर नव्हतं. मग ते साखऱ्याच्या जत्रेला आले, तिथे आमच्या घराची चौकशी केली आणि आठवड्याने फोन आला : खेड्यातल्या घरात टीव्ही चांगला की प्रोजेक्टर, दोन्ही लावून बघ, मी स्वतः पाहायला येतो. म्हणजे अर्ज वाचला होता. जत्रेत राणाने तीन एडके पाडले त्याचाही फोनवर उल्लेख केला, पण तो ओघात.

आबांचं म्हणणं साधं आहे. वसमतची नोकरी लागली तर जा. न्हाई लागली तर मार्चमधे पाहुणे येऊन राहिलेत, त्यांना हो म्हणायचं. मुलगा चांगला आहे म्हणतात. त्याला यंत्रांची आवड आहे. मोटारसायकल रोज स्वतः पुसतो.

हिंगोलीचं सर्व्हिस सेंटर मी का सोडलं, असं पाहुण्यांनी विचारलं तर तांत्रिक मतभेद. मालकाचा हात माझ्या खांद्यावर होता. तिथे त्याचं काही काम नव्हतं. माझ्या हातात सोल्डरिंग गन होती. ती गरम असते.

मला राग येत नाही. पॉलिटेक्निकमधे सगळ्यात हळू आवाजात बोलणारी मीच होते.

बुधवार, १४ फेब्रुवारी

घरात चर्चा. आबा म्हणाले, टीव्ही म्हंजी टीव्ही. भिंतीवर उजेड पाडून काय बघायचं, सावल्या? भारत म्हणाला, ताई, टीव्ही मोठा घ्यावा, दोन माणसानं उचलंना असा. काहून? तर घरात वजनदार वस्तू पाहिजे. मी पडद्याचा आकार, पाहणाऱ्याचं अंतर आणि खोलीतला उजेड यांचा संबंध समजावून सांगितला. भारत मधेच म्हणाला, "तुला जमंना म्हनून राणाच्या नावानं खडे फोडून राहिलीस."

अँटेनाचा पाइप माझ्या हातात होता. भारत त्याच्या मार्गात आला.

रुग्णालयात जायची गरज नाही. हळद लावली. भारतने माझी वेणी धरून मला गव्हाणीत बसवलं तेही लिहायला हवं, कारण नोंद दोन्ही बाजूंची असावी. गव्हाणीत राणा होता. त्याने एकच धडक दिली. तो माझा मान ठेवतो.

निश्चय : यापुढे चर्चा लेखी.

रविवार, १८ फेब्रुवारी

दुसरा टीव्ही आला. उंच टेबलावर ठेवला, वर गोधडी टाकली. राणा समोरून तीन वेळा गेला, ढुंकून पाहिलं नाही. चाचणी यशस्वी.

त्यानंतर टेबल हललं.

टेबल हललं कारण भारत टेबलावर पडला. भारत पडला कारण तो म्हणाला, वसमतमधे तुला कोन विचारतं, व्यंकटराव फोनवर निसतं राणाचंच विचारतो. हे वाक्य वस्तुस्थितीला धरून नव्हतं. मी त्याला बाजूला केलं. बाजूला टेबल होतं.

ट्यूब फुटली नाही, फक्त तिची मान मोडली. आतून हवा शिरल्याचा लांब सुस्कारा ऐकू आला. भारतच्या ओठाला दोन टाके, सेनगावला.

राणा पूर्ण निर्दोष. तसं व्यंकटरावांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, वा, शांत उभा राहिला? एवढ्या गोंधळात? मग म्हणाले, "छाती केवढी असेल हो त्याची?" मी म्हणाले मोजून सांगते. माणसाला बारीकसारीक मापं लागतात. आमचं जमेल.

निष्कर्ष : टीव्ही बाद. प्रोजेक्टर मागवला.

आई आज काच झाडता झाडता म्हणाली, "राणा मागं सरकला की समजतं बाई, आता येतो म्हनून. तुझं तेबी समजत न्हाई." मी तिला समजावलं की मी मुळात जातच नाही. तिने केरसुणी माझ्यापासून लांब ठेवली.

रविवार, २५ फेब्रुवारी

प्रोजेक्टर आला. सोबत इन्व्हर्टरही, मी मागितला होता म्हणून. प्रोजेक्टर चालू असताना लाइट गेली तर आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा फुटतो. आमच्याकडे लाइट कधी जाते यापेक्षा कधी येते ते विचारावं. हा मुद्दा माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आला नसता.

मधल्या खोलीत बांबूच्या चौकटीवर पांढरं मांजरपाट ताणून शिवलं. सहा फूट रुंद. खिडकीला पोती लावली. चित्र उत्तम. आबा बराच वेळ बसले. मग उठून कापडाच्या मागे जाऊन आले. पुन्हा बसले.

कापडाला चकाकी नाही. म्हणजे प्रतिबिंब नाही. म्हणजे राणाला शत्रू नाही. राणाला दारात आणून दाखवलं. त्याने कापडाचा वास घेतला आणि पाठ फिरवली. पाठ फिरवताना माझ्या गुडघ्याला धडक दिली, पण ती सवयीची.

प्रश्न सुटला. इतक्या साध्या उपायाला दोन टीव्ही लागले, ते भारतमुळे.

शनिवार, १० मार्च

उद्या व्यंकटराव सपत्नीक येणार. तयारी पूर्ण.

मांडणी ठरली : आधी टीव्हीचे दोष, मग प्रोजेक्टरचे गुण, मग शंका, मग माझ्या रुजू होण्याची तारीख. वसमतला राहण्यासाठी पॉलिटेक्निकच्या मैत्रिणीची खोली आहे. ट्रंक भरून ठेवली.

भारतने जत्रेच्या शूटिंगची सीडी आणली आहे. व्यंकटरावांनी खास सांगितलं म्हणे. हरकत नाही. वेगाने हलणारं चित्र कापडावर फाटतं का, हे त्यातून कळेल. राणाला दारातच बांधा, गरम होतंय तर दार उघडं राहू द्या, असाही त्यांचा निरोप आहे. घरातली रोजची परिस्थिती त्यांना जशीच्या तशी पाहायची असावी. शास्त्रीय वृत्ती.

उद्या भारतशी वाद घालायचा नाही. हातात काहीही धरायचं नाही.

रविवार, ११ मार्च, संध्याकाळ

हातात काहीही नव्हतं.

व्यंकटराव आणि त्यांच्या मंडळी सुधाताई जेवणाआधीच आले. व्यंकटराव जीपमधून उतरले ते थेट राणाकडे गेले. शिंगांना हात लावला, दात पाहिले, खिशातून टेप काढून छाती मोजली. मी दिलेलं माप बरोबर निघालं. ते आबांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो, दगडोबा." सुरुवात चांगली झाली.

मग मधल्या खोलीत. मी टीव्हीचे दोष सांगितले. त्यांचं लक्ष दाराकडे होतं. मी प्रोजेक्टरचे गुण सांगितले. ते म्हणाले, ती सीडी लावा.

कापडावर राणा आला. खऱ्यापेक्षा थोडा मोठा. धूळ, माणसं, हलगी, आणि राणा मागे सरकतो, धावतो, समोरचा एडका उलटा. चित्र कुठेही फाटलं नाही. व्यंकटराव टाळ्या वाजवत उभे राहिले. आबांना म्हणाले, "दगडोबा, हा मला द्या. जत्रेत पाहिल्यापासून झोप नाही. वसमतमधे याच्यासारखा नाही. आणि हे तुमचं पोरगं दुकानात ठेवतो, याला सांभाळायला. नवीन सेक्शन याच्याच हाती देतो, बस्स?"

भारत माझ्याकडे पाहायला लागला.

मी विचारलं, आणि माझा अर्ज?

व्यंकटराव म्हणाले, "बाळ, मुलगी शिडीवर चढलेली गिऱ्हाइकाला बरी दिसत नाही. तू आमच्या हिला ती बटणं तेवढी समजावून दे."

सुधाताई म्हणाल्या, मला कशाला, मला येतात. यावर कोणाचं लक्ष नव्हतं.

मी शांत होते. चार पावलं मागे आले. तिथे दार होतं. दारात राणा होता. आई म्हणाली, "नंदे." एवढंच.

राणाची गाठ तपासणं जरुरीचं होतं. पाहुणे घरात असताना गाठ सैल असणं बरं नव्हे. गाठ नीट तपासायची तर ती सोडावी लागते.

कापडावर तेव्हा राणाच होता, धावत समोर येणारा. खोलीत राणा होता, तो मागे सरकला. मधे व्यंकटराव कापडाचा पोत पाहायला वाकले होते.

व्यंकटराव कापडातून पार गेले. बांबूची चौकट त्यांच्या गळ्यात. त्यांच्या मागोमाग राणा. पलीकडे ज्वारीची पोती होती, तिथे तिघे थांबले : ते, राणा आणि चौकट. भारत ओरडला, प्लग काढ, प्लग काढ, आणि त्याने स्वतःच इन्व्हर्टरची वायर ओढली. पंखा थांबला. मी त्याला या धोक्याची कल्पना दिली होती. दिवा फुटला.

अंधारात कोणीतरी हसत होतं. सुधाताई होत्या. बराच वेळ हसल्या. मग पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "गाठ छान तपासलीस गं."

व्यंकटरावांना जीपमधे एका कुशीवर निजवावं लागलं. जीप हलताना त्यांनी मान वळवून राणाकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय धडक आहे राव!"

दोष कोणाचाही नाही.

मंगळवार, १३ मार्च

भारत बोलत नाही. भाकरी घेऊन राणासोबत रानातच असतो. आबा मात्र बोलले. शनवारी पाहुणे येऊन राहिलेत, नवी साडी काढून ठेव. मी म्हणाले, अजून वसमतचं उत्तर यायचं आहे. आबा म्हणाले, "कशाचं उत्तर, नंदे? त्या मानसाचं कंबरडं मोडलं आपल्या घरी." असं म्हणून त्यांनी उरलेलं मांजरपाट घडी करून ठेवलं.

दुपारी निरोप आला. कंबर मोडलेली नाही, मुरगळली आहे. एडका आता कुठल्याही परिस्थितीत पाहिजे.

भारत संध्याकाळी पहिल्यांदा बोलला, पण आईशी. म्हणाला, राणाला तिथं चांगलं खायला मिळंल, जाऊ दे. पन मी न्हाई जात. दिवसभर काचंच्या दुकानात उभं राहून मी काय करू, मला रान पाहिजे. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ताईला आधीच वसमतला सोडलं असतं तर टीव्ही तरी वाचले असते.

आईने विचारलं, मग एडका सांभाळंल कोन?

बुधवार, १४ मार्च

सकाळी राणाला हाताने पाला दिला. खाल्ला. काल पाला देताना तो चावला त्या बोटाची सूज उतरते आहे.

खालील पत्र लिहिलं. भारत दुपारच्या गाडीने वसमतला नेऊन देणार आहे. त्याने तसं आईला सांगितलं.

श्री. व्यंकटराव यांस,
सा. न. वि. वि.
चाचणीचा निष्कर्ष : प्रोजेक्टर घ्यावा. पडदा फाटतो, पण माणूस त्यातून पार जातो. टीव्ही असता तर आपण पार गेला नसता.
राणा देण्यास घरचे तयार आहेत. भारत येऊ शकत नाही. राणाला सांभाळायला माणूस लागेल. तो माझ्या हातून खातो. माझा स्वभाव शांत आहे. त्याची व्यवस्था पाहून उरलेल्या वेळात मी आपले टीव्ही आणि प्रोजेक्टर दुरुस्त करीन. दुकानाच्या मागच्या बाजूला बसेन, गिऱ्हाइकाला दिसणार नाही. शिडी माझी मी आणीन.
शनिवारी आमच्याकडे पाहुणे येणार आहेत. तरी कृपया शुक्रवार, १६ मार्चपर्यंत उत्तर कळवावे.