पट्टीवरचा नट

गुरुवार, ८ जानेवारी
खर्च : थंडीत इंजिन तापवणारे हीटर प्लग चार, ९२०. मजुरी १५०. ड्रेसिंगचा कापूस १८. साबण एक, ६ – हा खास मेकॅनिकसाठी. काल बेसिनला, नळाला, टॉवेलला, सगळ्याला काळे पंजे. शी!

सोमवारी आमची जुनी डिझेल गाडी सुरूच झाली नव्हती. नुसती घुरघुर आणि पांढरा धूर. सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्याचं ड्रेसिंग चुकलं. जखम मीच उघडली. वास! देवा, क्षमा कर, पदर नाकाला लावला.

काल समोरच्या गॅरेजवाल्याने चारही प्लगांना करंट देणारी पट्टी काढली. एका दिव्याची एक वायर बॅटरीला, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर प्लग जिवंत. दोन मेलेले निघाले. "चारही बदला वहिनी, हे दोघंही जायला टेकलेत." बदलले. आज भर थंडीत पहिल्या किल्लीला सुरू!

डॉक्टरांनी बजावलं – सोमवार, गुरुवार, सकाळी सात. चुकलात तर अंगठा काढावा लागेल. दवाखाना वीस किलोमीटर, त्या वेळी दुसरं वाहन नाही.

येताना यांनी फाटकाला गाडी घासली. "खांब कुणी पुढे सरकवला?" म्हणे!

सोमवार, १२ जानेवारी
पुन्हा घुरघुर, पुन्हा धूर. नवे प्लग घालून! ड्रेसिंग चुकलं.

मेकॅनिक अकराला उगवला. तोवर ऊन वर आलेलं, गाडी सुरू. दिवा लावून बघितला, चारही जिवंत, पट्टीला करंटही येतोय. "गाडी ठणठणीत आहे वहिनी." बघण्याचे पन्नास घेतले आणि जाताना माझ्या कुंडीत तंबाखू थुंकला. माणूस आहे की कोण!

हे म्हणाले, "म्हातारी झाली गाडी. विकून टाकू." वाईट वाटल्यासारखं म्हणाले नाहीत.

मंगळवार, १३ जानेवारी
जखमेच्या कडा काळ्या पडल्यात. सासूबाई म्हणाल्या, "अंगठा गेला तर चप्पल अडकवू कशाला गं?" हसल्या. मला हसू आलं नाही.

बुधवार, १४ जानेवारी
विचार केला. तापाचा माणूस ताप असतानाच तपासायचा. ऊन पडल्यावर काय कळणार? मेकॅनिककडून दिवा मागून आणला. चिकट, काळाकुट्ट. आधी साबणाने पुसून काढला, मग कसा लावायचा ते विचारून घेतलं.

गुरुवार, १५ जानेवारी
अंघोळ, पूजा आटोपून साडेपाचला बाहेर. हे अंथरुणात. दिव्याचा एक चिमटा इंजिनाला, एक पट्टीला. किल्ली फिरवली. दिवा नाही! टॉर्च मारला – पट्टीला येणारी जाड वायर बाजूला लोंबतेय. तिचा नट गायब.

डोकं फिरलं. समोर जाऊन शटर बडवलं. बनियनवरच आला.

"नट काढून नेता आणि वर बघण्याचे पैसे घेता? लाज नाही वाटत? चोर!"

त्याने वाकून बघितलं. "वहिनी, हा असा गळून पडत नाही. आठ नंबरच्या पान्याने काढलाय कुणीतरी."

"मग काय भुताने काढला?"

"भुताला पाना कशाला लागतो?"

स्वतःकडचा नट बसवला. पहिल्या किल्लीला सुरू. यांना हाक मारायला गेले, तर पाठीत उसण भरलेली. मेकॅनिक दारातून यांच्याकडे बघत राहिला. मग न सांगता माझ्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि स्टिअरिंगवर बसला. पैसे घेतले नाहीत. उतरताना एवढंच म्हणाला, "नट घरातच सापडेल."

भलता आगाऊ!

सासूबाई मात्र खूश. "हा बरा चालवतो. माझ्या लेकासारखा खड्डे शोधत जात नाही."

डॉक्टर म्हणाले, अंगठा राहील. पण आता एकही खेप चुकवायची नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी
हे अंघोळीला गेले होते. चष्म्याचं घर पुसायला घेतलं. आत नट.

खाली चार घड्या घातलेली चिठ्ठी. डोळ्यांच्या डॉक्टरांची, डिसेंबरातली. नंबर वाढवून उपयोग नाही, गाडी चालवू नये.

आईचा अंगठा सडतोय आणि हा माणूस रात्री नट काढतो, सकाळी बसवतो! किळस आली. ताटावर समोर बसवेना. आणि मी चोर म्हटलं ते भलत्यालाच. दुपारी गॅरेजात जाऊन माफी मागितली. "असू दे वहिनी. सोमवारी मी नेतो."

देवापुढे बसले तेव्हा आठ तारीख आठवली. मी पिशवी घेऊन दारात उभी, "चला, उशीर होतोय" म्हणून ओरडतेय. आणि हे निमूट गाडीत बसले. वीस किलोमीटर. जाऊन येऊन चाळीस. आम्ही दोघी मागे.

शनिवार, १७ जानेवारी
दादाला पत्र टाकलं. नक्कल ठेवते :

"गाडीत काही बिघाड नाही. नट सापडला, पण होता तिथेच परत ठेवलाय. यांना सांगू नकोस. आठ दिवस रजा काढून ये, बहिणीला भेटायला आलो म्हण. या सोमवारी मेकॅनिक नेईल, पुढे सासूबाईंना तू ने. आणि मला गाडी शिकव. येतोस की नाही ते उलट टपाली कळव."